मुठीतली वीज : घरगुती प्रकाश-तलवारीची बॅटरी आणि तारजोडणी

१९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकी चित्रपटातील लाइटसेबर, म्हणजे धातूच्या मुठीतून प्रकाशाचे पाते बाहेर पडणारी तलवार, पडद्यावर जितकी तेजस्वी दिसते तितकी चित्रीकरणाच्या जागी कधीच नव्हती. तेथे प्रकाश परतवणारा पदार्थ लावलेली, मोटरने गरगर फिरणारी दांडी वापरली गेली आणि पात्याचे तेज नंतर फिल्मच्या एकेका चौकटीवर रेखून चढवण्यात आले. नायकाच्या तलवारीची मूठ मात्र खरीखुरी जुनी वस्तू होती. सेटची सजावट पाहणारे रॉजर ख्रिश्चन यांनी ती ग्राफ्लेक्स कंपनीच्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या नळीपासून बनवली आणि ही नळी म्हणजे त्या फ्लॅशचे बॅटरीघरच होते. टॉर्चचे तीन जाड सेल तिच्यात एकापुढे एक बसत. आवाजाची घडणही अशीच उसनवारीची आहे. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी जुन्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि दूरचित्रवाणी संचाच्या चित्रनळीजवळ गेलेल्या, आवरण तुटलेल्या मायक्रोफोनच्या तारेने पकडलेली गुणगुण एकत्र करून पात्याचा मूळ नाद तयार केला, आणि तो नाद ध्वनिक्षेपकावर वाजत असताना त्याच्यासमोर दुसरा मायक्रोफोन हवेत फिरवून घावाचा सणसणाट मिळवला. एका बिघडलेल्या तारेचा त्या जगप्रसिद्ध आवाजात वाटा आहे, ही गोष्ट तारजोडणीवरील पुस्तकाच्या आरंभी नोंदवण्याजोगी आहे, कारण पुढील सर्व प्रकरणांत अशा तारेला थारा नाही.

घरी तलवार बनवणाऱ्याला चित्रपटातील एकही पळवाट उपलब्ध नसते. त्याचे पाते अंधारात आणि उजेडातही खरोखर पेटले पाहिजे, हात हलताच त्याच क्षणी आवाज बदलला पाहिजे, आणि या दोन्ही कामांसाठी लागणारी वीज त्याच्या तळहाताखालच्या नळीतून, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर व्यासाच्या आणि वीतभराहून थोड्या अधिक लांबीच्या जागेतून आली पाहिजे. या जागेत सेल, ध्वनिफलक, स्पीकर, कळ, चार्जिंगचे तोंड आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा बसवायच्या असतात. नवखा कारागीर बहुधा पात्यापासून सुरुवात करतो, मग आवडेल तो ध्वनिफलक निवडतो आणि उरलेल्या जागेत मावेल तो सेल सर्वांत शेवटी कोंबतो. प्रस्तुत पुस्तकाची भूमिका याच्या उलट आहे. पाते जास्तीत जास्त किती प्रवाह ओढेल हे आधी ठरवावे, तो प्रवाह न दमता देणारा सेल त्यानंतर निवडावा, त्या प्रवाहाला पुरेल अशी तार घ्यावी आणि मगच मुठीच्या नळीला हात घालावा. घरगुती तलवारींत जे दोष नेहमी आढळतात, जसे पाते पेटताच आवाज बंद पडणे, पात्याच्या टोकाला पांढरा रंग पिवळट होणे किंवा घाव बसताच सर्व काही विझून पुन्हा सुरू होणे, त्यांचे मूळ ध्वनिफलकात क्वचितच असते. ते बहुतेक वेळा हा क्रम चुकण्यात असते.

या हिशेबाची सुरुवात तीन राशींपासून होते. व्होल्ट हे विद्युतदाबाचे एकक आहे, अँपिअर हे प्रवाहाचे, आणि मिलिअँपिअर-तास हे सेलमध्ये साठवलेल्या विद्युतभाराचे. ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल तत्त्वतः एक अँपिअरचा प्रवाह तीन तास देऊ शकतो. सेलच्या वेष्टनावर ही तिसरी राशी ठळक छापलेली असते, म्हणून खरेदी करणारा तिच्याकडेच पाहतो. पण तलवारीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असलेली चौथी राशी, म्हणजे सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो हा आकडा, वेष्टनावर बहुधा नसतो आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो. टाकी कितीही मोठी असली तरी तोटी बारीक असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. सेलची क्षमता आणि त्याची प्रवाह देण्याची ताकद यांचे नाते असे आहे. लॅपटॉपसाठी बनवलेला ३४०० मिलिअँपिअर-तासांचा एखादा सेल सततचे पाच ते सात अँपिअरच देऊ शकतो, तर विजेच्या हत्यारांसाठी बनवलेला ३००० चा सेल पंधरा अँपिअर सहज देतो. तलवारीसाठी दुसरा सेल घ्यावा, असे निःशंकपणे म्हणता येते.

टॉर्चमध्ये वापरतात ते अल्कलाइन सेल सहज मिळतात आणि धोक्याचेही नसतात, पण त्यांचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा विरोध, इतका असतो की एखाद्या अँपिअरच्या मागणीलाच त्यांचा दाब खाली बसतो. निकेल-मेटल हायड्राइड सेल या बाबतीत बरेच सरस असले तरी प्रत्येकी १.२ व्होल्टच देतात, त्यामुळे असे तीन-चार सेल लागतात आणि मुठीची लांबी त्यांतच संपते. म्हणून निवड बहुधा लिथियम-आयन सेलवर येऊन थांबते. १९९१ साली सोनी कंपनीने बाजारात आणलेल्या आणि २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्याच्या संशोधकांना मिळाले त्या या प्रकारातील दंडगोलाकृती सेलला १८६५० असे नाव आहे; १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे दंडगोलाचा आकार, असा त्या आकड्याचा अर्थ होतो. त्याचा नाममात्र दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो, पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो, आणि तो सुमारे तीनच्या खाली फार उतरू देऊ नये. बाजारात ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले १८६५० सेलही मिळतात. तो आकडा सरळसरळ खोटा समजावा, कारण या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपासच राहते. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या जवळपास भरतो, त्यामुळे स्वयंपाकघरातील डिजिटल काटाही अशा वेळी उपयोगी पडतो. मऊ पाकिटातील लिथियम-पॉलिमर सेल हलके आणि हव्या त्या मापात मिळणारे असले तरी ज्या वस्तूने एकमेकांवर वार केले जाणार आहेत तिच्यात धातूच्या कवचाचा सेलच योग्य होय.

पात्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची भूक वेगवेगळी आहे. पहिल्या प्रकारात मुठीच्या तोंडाशी एकच शक्तिशाली एलईडी बसवून तिचा प्रकाश पॉलिकार्बोनेटच्या पोकळ नळीत सोडतात. एलईडीला प्रवाह मोजूनच द्यावा लागतो, कारण दाब किंचित वाढला तरी तिच्यातील प्रवाह भराभर वाढतो. निळ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात असे धरले, तर भरलेल्या सेलच्या ४.२ व्होल्टमधील एक व्होल्ट उरतो, आणि एक अँपिअर प्रवाहासाठी ओहमच्या नियमाने एक ओहमचा रोधक पुरतो. लाल एलईडीला मात्र २.३ व्होल्टच पुरतात. निळ्यासाठी हिशेब केलेला तोच रोधक ठेवून केवळ एलईडी बदलली, तर तिच्यातून जवळजवळ दोन अँपिअर वाहू लागतात आणि ती थोड्याच वेळात निकामी होते. ०.७ अँपिअरवर चालणाऱ्या लाल एलईडीला २.७ ओहमचा रोधक लागतो. त्यात सुमारे १.३ वॅट उष्णता तयार होते, म्हणून तो तीन वॅटचा घ्यावा आणि सेलच्या वेष्टनाला चिकटेल अशा जागी ठेवू नये. रंग सौम्य दाबाचा, पण सेलमधील निम्म्याच्या आसपास ऊर्जा रोधकातच जळते, हा लाल पात्याचा विरोधाभास आहे. सेल उतरत जाईल तसा रोधकाच्या जोडणीतील प्रकाशही मंदावतो. ज्यांना तो शेवटपर्यंत सारखा हवा आहे त्यांनी रोधकाऐवजी प्रवाह स्थिर राखणारे मंडल वापरावे.

दुसऱ्या प्रकारात पात्याच्या नळीत एलईडींच्या दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून बसवतात आणि प्रत्येक एलईडीचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येतो. पाते मुठीपासून टोकापर्यंत सरकत पेटण्याचा जो देखावा चित्रपटात दिसतो तो याच प्रकारात साधतो. येथे डब्ल्यूएस२८१२बी या जातीची, मीटरला १४४ एलईडी असलेली पट्टी रूढ आहे. ऐंशी सेंटिमीटरच्या पात्यात दोन्ही बाजू मिळून सुमारे २३० एलईडी होतात. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला प्रत्येकी कमाल २० मिलिअँपिअर धरले, तर पूर्ण पांढऱ्या पात्याला जवळजवळ १४ अँपिअर लागतात आणि केवळ निळ्याला साडेचारच्या थोडे वर. अलीकडच्या काही पट्ट्या याहून कमी प्रवाह घेतात, पण हिशेब कमाल आकड्यानेच करावा. निळे पाते ३००० च्या सेलवर सतत पेटते ठेवले तर पाऊण तासही टिकत नाही. शिवाय याच पट्टीची एक खोड सहसा ध्यानात येत नाही: पाते विझलेले असतानाही प्रत्येक एलईडीतील सूक्ष्म नियंत्रक अर्धा ते एक मिलिअँपिअर ओढत राहतो, त्यामुळे २३० एलईडींची झोपलेली तलवार भिंतीवर टांगल्याटांगल्या एका रात्रीत सेल रिकामा करू शकते. यावर उपाय म्हणजे पट्टीच्या ऋण वाटेत मॉस्फेट बसवणे. मॉस्फेट हा लहान संकेताने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा अर्धवाहक घटक आहे आणि पाते विझताच तो पट्टीची वाट पूर्णपणे तोडतो.

ध्वनीच्या बाजूला घरगुती रचनेत तीन भाग असतात: गती ओळखणारा संवेदक, आवाजाच्या फायली मेमरी कार्डावरून वाजवणारा भाग आणि दोघांना हुकूम सोडणारा सूक्ष्मनियंत्रक. आर्डुइनो नॅनो, डीएफप्लेअर मिनी आणि एमपीयू-६०५० ही तिकडी स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध आहे. फ्रेड्रिक ह्युबिनेट यांनी विकसित केलेला मुक्त रचनेचा प्रॉफीबोर्ड हे तिन्ही भाग एकाच फलकावर आणतो. स्वस्त तिकडीत एक अडचण लपलेली आहे. नॅनोवरील नियंत्रक १६ मेगाहर्ट्झ वेगाने चालण्यासाठी, त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे, सुमारे ३.८ व्होल्ट मागतो. सेल अर्धा उतरला की थेट जोडणीत एवढा दाब उरत नाही. दाब वाढवणारा परिवर्तक लावून साऱ्या तलवारीला पाच व्होल्ट पुरवण्याचा मोह अशा वेळी होतो, पण पाच व्होल्टवर पाच अँपिअर म्हणजे २५ वॅट मिळवण्यासाठी सेलमधून सात-आठ अँपिअर खेचावे लागतात आणि परिवर्तकही तापतो. पट्टी थेट सेलवर आणि नियंत्रक ३.३ व्होल्टवर चालणारा, ही मांडणी अधिक सरळ आहे. पट्टीला संकेत समजण्यासाठी तिच्या स्वतःच्या दाबाच्या सात-दशांश इतका दाब लागतो, ४.२ व्होल्टला तो २.९४ होतो, म्हणजे ३.३ व्होल्टचा संकेत तिला नीट कळतो. पट्टी पाच व्होल्टवर नेली की हीच मर्यादा साडेतीनवर जाते आणि पाते मधूनच भलत्या रंगांत लुकलुकू लागते.

स्पीकरविषयीची एक बारीक बाब अनेक ध्वनिफलक जाळण्यास कारण होते. या फलकांवरील लहान प्रवर्धकांत, म्हणजे आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या मंडलांत, स्पीकरच्या दोन्ही टोकांवर संकेत असतो. जुन्या रेडिओप्रमाणे त्यातील एक टोक ऋण बाजूला जोडलेले नसते. धातूची मूठ ऋण बाजूला जोडलेली असेल आणि स्पीकरचे सोल्डर केलेले टोक तिला टेकले, तर प्रवर्धकाचे आउटपुट सरळ ऋणाशी जोडले जाते. म्हणून स्पीकरची दोन्ही टोके श्रिंक ट्यूबखाली झाकलेली असावीत. पेटत्या पात्याबरोबर ऐकू येणारी किरकिर बहुधा ऋण तारेच्या चुकीच्या वाटेमुळे येते: पट्टीचे पाच अँपिअर आणि प्रवर्धकाचे काही शे मिलिअँपिअर एकाच बारीक ऋण तारेतून परतत असतील, तर पट्टीमुळे त्या तारेत पडणारा दाब आवाजात मिसळतो. दोघांच्या ऋण तारा सेलच्या ऋण टोकाशीच येऊन मिळतील अशी वेगळी वाट त्यांना द्यावी. पात्याच्या मुळाशी १००० मायक्रोफॅरडचे धारित्र, म्हणजे क्षणभर विद्युतभार साठवणारा घटक, आणि संकेताच्या तारेत तीनशे ते पाचशे ओहमचा रोधक बसवण्याची प्रथा आहे.

तारेची निवड हा या पुस्तकातील सर्वांत कमी झगमगाटाचा, पण सर्वांत जास्त प्रकरणे व्यापणारा भाग आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत तार मागताना ७/३६ किंवा १४/३६ असे आकडे बोलले जातात. पहिला आकडा तारेतील धाग्यांची संख्या सांगतो आणि दुसरा एकेका धाग्याचा गेज. ३६ गेजचा धागा ०.१९ मिलिमीटर जाडीचा असल्याने १४/३६ मध्ये तांब्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.४ चौरस मिलिमीटर भरते. सेलपासून पात्यापर्यंत जाऊन परत येणारी एकूण वाट ४० सेंटिमीटर आणि प्रवाह पाच अँपिअर असेल, तर या तारेत ०.०८ व्होल्ट वाया जातात. तीच वाट केसासारख्या २८ एडब्ल्यूजी (अमेरिकी गेज) तारेची केली तर ०.४ व्होल्टहून अधिक जातात आणि सेलच्या ३.७ व्होल्टमध्ये एवढी चैन परवडत नाही. त्यात कळेचा, सेल-होल्डरच्या स्प्रिंगचा आणि सेलच्या अंतर्गत रोधाचा वाटा मिळवावा. हे सर्व मिळून ०.१ ओहम झाले तरी पाच अँपिअरला अर्धा व्होल्ट गळतो. नियंत्रकाचा दाब अचानक खाली जातो, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तलवार पेटताच विझते. म्हणून पात्याची वाट १४/३६ किंवा त्याहून जाड तारेची असावी आणि संकेत, नियंत्रकाला हुकूम देणारी कळ व संवेदक यांना बारीक तार पुरते. घरातील बटनाच्या पॅनेलमधील एकेरी ताठ तार येथे निरुपयोगी आहे, कारण मूठ उघडताना दोन-चार वेळा वाकली की ती सोल्डरच्या कडेलाच तुटते. सिलिकॉनच्या आवरणाची बहुधागी तार मऊ असते आणि सोल्डरिंगच्या उष्णतेने तिचे आवरण मागे सरत नाही. लांब पात्यात पट्टीच्या टोकालाही वेगळ्या तारेने वीज पोहोचवावी, म्हणजे टोकाचा पांढरा पिवळट पडत नाही.

धोक्याचा विचार सेलच्या धन टोकापासून सुरू करावा. १८६५० सेलचे सर्व धातूचे कवच ऋण असते आणि ते वरच्या कडेवरून आत वळून धन बटणाच्या अगदी जवळ, मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर येऊन थांबते. दोघांमध्ये एक गॅस्केट, वर कागदी चकती आणि प्लास्टिकचे पातळ वेष्टन एवढाच आडपडदा असतो. होल्डरच्या धारदार पत्र्याने ते वेष्टन तेथे फाटले की तोच पत्रा धन आणि ऋण यांना जोडतो, आणि दहाच्या कितीतरी पट अँपिअरचा प्रवाह बंद धातूच्या नळीत, हाताच्या पकडीत, वाहू लागतो. फाटलेले वेष्टन बदलण्यास काही रुपयांची श्रिंक ट्यूब लागते, तेव्हा येथे काटकसर करण्यास काहीही आधार नाही. सेलला थेट सोल्डर करणे हाही याच जातीचा प्रमाद आहे. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावलेला सेल विकत मिळतो, तो घ्यावा किंवा चांगला होल्डर वापरावा. अतिविसर्ग, अतिभरण आणि शॉर्ट सर्किट यांवर वाट तोडणारे संरक्षक मंडल अनिवार्य मानावे. टीपी४०५६ हा लोकप्रिय चार्जिंग फलक एक अँपिअरने सेल ४.२ व्होल्टपर्यंत सुरक्षितपणे भरतो. त्याच्या काही आवृत्त्यांवर संरक्षक मंडलही असते, पण ते सुमारे तीन अँपिअरला वाट तोडते, म्हणजे पट्टीचे पाते त्यातून चालवले तर पेटण्याच्या क्षणीच काळोख होतो आणि दोष विनाकारण ध्वनिफलकावर येतो. अशा पात्याला अधिक प्रवाहाचे वेगळे संरक्षक मंडल लागते. दोन सेल एकसर जोडून ७.४ व्होल्ट घेण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिच्यात दोन्ही सेल सारखे भरणारा संतुलक चार्जर आवश्यक असल्याने पहिल्या तलवारीत ती टाळावी. मुठीच्या टोकाशी असलेल्या चार्जिंगच्या तोंडात ‘किल की’ नावाची खुंटी घातली की आतील कळ उघडून सेल मंडलापासून तुटतो. तलवार कपाटात ठेवताना ही खुंटी बसवलेली असावी. जीर्ण सेल कचऱ्याच्या डब्यात न टाकता टोकांना चिकटपट्टी लावून संकलन केंद्रावर द्यावेत; भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी अशा सेलांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

पुढील प्रकरणे पात्याच्या प्रकारानुसार मांडलेली असून प्रत्येकाच्या आरंभी कोष्टक दिले आहे. वाचकाने ती उघडण्यापूर्वी तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत: मुठीच्या नळीचा आतला व्यास, तिची आतली मोकळी लांबी आणि आपल्या पात्याचा कमाल प्रवाह. सेल, तार आणि संरक्षक मंडल या तिन्हींची कोष्टके याच आकड्यांवरून वाचायची आहेत, आणि पाते बदलले तर तिसरा आकडा नव्याने काढावा लागेल.